जामोरच्या पायऱ्यांवर

लिस्बनमध्ये राहायला येऊन मला आता चार वर्षे झाली. फोंड्याहून घरच्यांचा फोन आला की पावसापाण्याची चौकशी संपताच फुटबॉलचा विषय निघतो, म्हणून लिस्बनजवळच्या जामोरच्या राष्ट्रीय मैदानावर मी पाहिलेल्या पोर्तुगाल चषकाच्या अंतिम सामन्याविषयी लिहितो आहे. त्या दिवशी सकाळपासूनच मैदानाभोवतालच्या झाडीत कुटुंबेच्या कुटुंबे चुली मांडून बसतात आणि भाजलेल्या मांसाचा धूर पार दगडी पायऱ्यांपर्यंत येतो. मात्र हे मैदान १० जून १९४४ रोजी सुरू झाले ते पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीचे सामर्थ्य लोकांना दिसावे म्हणून. हीच राजवट १९६१ पर्यंत आम्हा गोमंतकीयांच्याही डोक्यावर होती, त्यामुळे तिथले मान्यवरांचे व्यासपीठ मला त्रयस्थपणे पाहता आले नाही.

माझ्यासोबत आलेले पंच्याहत्तरी ओलांडलेले शेजारी १९६९ साली कोइंब्रा विद्यापीठात शिकत होते. त्या वर्षी १७ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष आमेरिकु तोमाश यांच्यासमोर विद्यार्थी प्रतिनिधीला बोलू दिले नाही, त्यातून धरपकड आणि परीक्षांवरचा बहिष्कार असे सारे पेटले. आणि नेमका त्याच हंगामात कोइंब्राच्या विद्यार्थ्यांचा संघ अकादेमिका हा चषकाच्या अंतिम फेरीत पोहोचला. २२ जूनला ते खेळाडू विद्यार्थ्यांचे काळे झगे खांद्यावर टाकून, धावत नव्हे तर संथ पावले टाकीत मैदानात उतरले. राष्ट्राध्यक्ष फिरकले नाहीत, दूरचित्रवाणीने सामना दाखवला नाही. पायऱ्यांवर उत्तम शिक्षणाची मागणी करणारे फलक उघडले गेले. ज्या देशात सभा भरवणे गुन्हा होता, तिथे तिकीट काढून हजारोंनी एकत्र बसण्याची मुभा तेवढी उरली होती. शेजाऱ्यांनी मला आपली जागाही दाखवली. बोलता बोलता त्यांचा हात त्या दगडावरून फिरत होता.

तो सामना लिस्बनच्या बेन्फिका क्लबने जादा वेळेत २–१ असा जिंकला आणि निर्णायक गोल केला युसेबियोने. मोझांबिकमध्ये जन्मलेल्या या खेळाडूने १९६६ च्या विश्वचषकात नऊ गोल करून पोर्तुगालला तिसरे स्थान मिळवून दिले होते. वसाहती आणि पोर्तुगाल हे एकच राष्ट्र आहे, असे जगाला सांगण्यासाठी राजवट त्याला पुढे करत होती आणि त्याच वेळी मोझांबिकमध्ये स्वातंत्र्याचे युद्ध चालू होते. माझ्या मते हा त्याच्यावरचा मोठा अन्याय होता. तरीही लोकांनी त्याला राजवटीच्या हाती राहू दिले नाही. २०१४ मध्ये तो गेला तेव्हा लोकशाही पोर्तुगालने तीन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला.

परतीच्या गाडीत शेजाऱ्यांनी गोव्यातल्या फुटबॉलविषयी विचारले. गोव्याने संतोष करंडक ही भारतातली आंतरराज्य फुटबॉल स्पर्धा १९८२–८३ मध्ये बंगालसोबत विभागून आणि पुढच्याच हंगामात एकट्याने जिंकली, तेव्हा आम्ही अजून केंद्रशासित प्रदेश होतो आणि घटक राज्याचा दर्जा मिळायला १९८७ उजाडायचे होते, हे मी त्यांना सांगितले. रेडिओवरच्या बातम्यांत निकाल ऐकताच, एरवी घरात चढ्या आवाजात न बोलणारे माझे बाबा अंगणात धावत गेले आणि शेजारच्या वाड्यापर्यंत ऐकू जाईल असे ओरडले, “गोंय जिखलें!” पोर्तुगीज शाळेत त्यांना ज्या भूमीचे प्रजाजन म्हणून शिकवले गेले, तिच्या राजधानीत मी त्या दोन शब्दांचा अर्थ पोर्तुगीजमध्ये समजावून देत होतो.