तुम्ही विचारलंत म्हणून: टी-वनला अख्खी दुपार का लागते?

“मॅडम, प्रोटॉनचा आलेख तर पाच मिनिटांत काढून देता, मग टी-वनलाच अख्खी दुपार कशाला?” कोल्हापुरात एनएमआरचं, म्हणजे अणुकेंद्रकांच्या चुंबकी अनुनादावरून रेणू ओळखणारं, यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला हा प्रश्न चुकत नाही. गडहिंग्लज, जयसिंगपूर, इस्लामपूरकडची पोरं सकाळच्या एसटीने नमुने घेऊन येतात, संध्याकाळची गाडी गाठायची असते आणि मी सांगते, आकडे उद्या मिळतील. चेहरे पडतात. एखाद्याला वाटतं, बाई उगाच लावून धरतेय.

तर ऐका. चुंबकात नळी सोडली की हायड्रोजनची केंद्रकं, म्हणजेच प्रोटॉन, चुंबकाच्या दिशेला किंचित झुकतात. किंचितच, पण आमचा सगळा सिग्नल त्या किंचितवर चालतो. त्यावर १८० अंशांचा रेडिओ पल्स मारला की हे चुंबकत्व उलटं होतं. आपल्याकडच्या भाषेत खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. पलटीला काही मायक्रोसेकंद पुरतात. परत सरळ व्हायला किती वेळ घ्यायचा, हे मात्र केंद्रकं आणि त्यांच्या आजूबाजूचे रेणू ठरवतात. त्या परतण्याचा काळ म्हणजे टी-वन.

मोजायचं कसं? पलटी मारायची, ठरावीक वेळ थांबायचं, मग ९० अंशांचा पल्स देऊन बघायचं की गडी कुठवर आलाय. थांबण्याचा वेळ वाढवत हेच पुन्हा करायचं. स्क्रीनवर हे बघण्यासारखं असतं. सुरुवातीला सगळे पीक, म्हणजे आलेखातले सिग्नलचे सुळके, खाली डोकं वर पाय. मग एकेक आखडत जातो, सपाट होतो आणि दुसऱ्या बाजूने उगवतो. एकाच रेणूतले सगळे एकदम उठत नाहीत. बऱ्याचदा मिथाइलवाले (CH₃ गटातले प्रोटॉन) उठून उभे असतात, तेव्हा बाजूला एकटा पडलेला ॲरोमॅटिक (बेंझिनसारख्या कड्यावरचा) प्रोटॉन अजून शीर्षासनातच असतो. ज्या क्षणी पीक नाहीसा होतो, तो वेळ ०.६९३ ने भागला की टी-वनचा अंदाज लगेच मिळतो. नवीन नमुना आला की मी आधी हा शून्याचा क्षण शोधते, मगच पुढची मांडणी.

दुपार खर्च होते ती इथे नाही. एकदा बघून झालं की पुढची पलटी मारण्याआधी चुंबकत्व पूर्ण भरू द्यावं लागतं, आणि त्यासाठी टी-वनच्या पाचपट थांबायचं. पाचपटीला ९९.३ टक्के भरतं. आता धरा, टी-वन २० सेकंद आहे. म्हणजे दर वेळी १०० सेकंद नुसतं बसायचं. थांबण्याच्या १२ वेगवेगळ्या वेळा आणि प्रत्येकीला ८ स्कॅन घेतले, म्हणजे तेच मोजमाप आठदा केलं, तर झाले ९६०० सेकंद, दोन तास चाळीस मिनिटं. एवढा वेळ यंत्र बहुतेक काळ काहीच करत नसतं. बाहेरून बघणाऱ्याला ते बिघडल्यासारखंच वाटतं.

“मग थोडं कमी थांबा की!” थांबता येतं. पाचपटीऐवजी एकपट थांबलं तर चुंबकत्व ६३ टक्केच भरतं. पलटीही तेवढ्याचीच होते. साहजिकच शून्य लवकर गाठलं जातं आणि २० सेकंदांचा टी-वन १४ भरतो. माझा राग या १४ वर आहे. ५०० आला असता तर कुणीही म्हणालं असतं, काहीतरी गडबड आहे. १४ शहाण्यासारखा दिसतो, आलेखावर नीट बसतो आणि थेट प्रबंधात जातो. पलटी अपुरी झाली हे गृहीत धरणारं तीन अज्ञातांचं समीकरण वापरलं तर कमी थांबूनही उत्तर बरोबर येतं, आणि घाई असली की मीही तेच वापरते. पण ते ज्याला वापरायचंय त्याने आधी सगळं थांबून एकदा तरी मोजलेलं असावं, असं माझं मत.

या थांबण्यापायी मोठी माणसंही अडकली आहेत. नेदरलँड्सचे भौतिकशास्त्रज्ञ गॉर्टर यांनी १९३६ मध्ये लिथियम फ्लोराइडच्या स्फटिकात हा अनुनाद शोधला, हाती काही आलं नाही. १९४२ मध्ये पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. अतिशुद्ध पदार्थांत टी-वन फार लांब असतो, केंद्रकं सावरायच्या आत सिग्नल मरतो, हे त्यामागचं मुख्य कारण मानलं जातं. उलट १९४५ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या पर्सेल आणि मंडळींनी याच भीतीने पॅराफिन कित्येक तास चुंबकात मुरत ठेवलं. प्रत्यक्षात पॅराफिनला सेकंदाचा छोटा अंशही पुरला असता! नोबेल १९५२ मध्ये पर्सेल आणि ब्लॉख यांना मिळालं. गॉर्टरांची मला आजही हळहळ वाटते.

लांब का आणि आखूड का, हे १९४८ मध्ये ब्लोमबर्गेन, पर्सेल आणि पाउंड यांनी उलगडलं. केंद्रकाला ऊर्जा टाकून द्यायची तर शेजारच्या रेणूंची हालचाल त्याच्याच वारंवारतेच्या आसपास हवी. बेंझिनसारखे हलके रेणू इतके भरभर गिरक्या घेतात की त्यांच्याकडून फारशी मदत होत नाही, म्हणून टी-वन लांबतो. ग्लिसरीन थंड करत नेलं की रेणू मंदावत जातात, तसा टी-वन आधी घटतो, तळ गाठतो आणि मग पुन्हा वाढू लागतो.

एमआरआयच्या रिपोर्टात ‘टी-वन वेटेड’ लिहिलेलं असतं ते हेच. दीड टेस्लाच्या यंत्रात चरबीचा टी-वन पाव सेकंदाच्या आसपास, तर मेंदूभोवतालच्या द्रवाचा काही सेकंद. लवकर सावरणाऱ्याचा सिग्नल जास्त, म्हणून चरबी पांढरी आणि द्रव काळा.

नमुना आणणाऱ्यांना एक कळकळीचं सांगणं आहे. विरघळलेला ऑक्सिजन काढून नळी सील करून आणा. ऑक्सिजन अनुचुंबकीय (चुंबकाकडे ओढला जाणारा) असतो, केंद्रकांना झटकन खाली बसवतो आणि लांब टी-वन आखूड दाखवतो. बेंझिनसारख्या द्रवात हा फरक भरपूर पडतो. गोठवा, हवा ओढा, वितळवा, आणि हे तीन-चारदा करा. निव्वळ पाणीही आणू नका. मोठ्या चुंबकात पाण्याचा सिग्नल इतका दांडगा असतो की तो कॉइलमध्ये स्वतःच विद्युतप्रवाह उभा करतो आणि त्या जोरावर चुंबकत्व वेळेआधीच सरळ होतं. जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) थेंबभर साधं पाणी असलं की काम भागतं.

आणि तो पाच मिनिटांचा प्रोटॉन? त्यात आम्ही ३० अंशांचा छोटा पल्स देऊन, पूर्ण भरायची वाट न बघता, धकवतो, म्हणून तो लवकर होतो. पीक कुठे आहेत ते त्यात बरोबर कळतं. पण लांब टी-वनवाल्या प्रोटॉनच्या पीकचं क्षेत्रफळ थोडं कमीच भरतं. कार्बनच्या आलेखात तर हे उघड दिसतं, क्वाटर्नरी (एकही हायड्रोजन न जोडलेल्या) कार्बनचा पीक बुटका का असतो याचं निम्मं उत्तर तिथेच आहे. त्या क्षेत्रफळावरून शुद्धतेचे टक्के काढणार असाल तर आधीच सांगा. त्यालाही अख्खी दुपार लागेल.