हीट पंप अपडेट: लाल टॅग, ९ इंचांची पट्टी आणि डिसकनेक्टची नवी जागा

लाल टॅग लागला, म्हणजे इन्स्पेक्टरनी काम नापास केलं. नवा हीट पंप (उन्हाळ्यात गारवा आणि हिवाळ्यात ऊब देणारा एसी) सुरू व्हायला फक्त इलेक्ट्रिकल इन्स्पेक्शन उरलं होतं आणि तिथेच घोडं अडलं. कार्डावर नॅशनल इलेक्ट्रिकल कोडची (अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमांची) दोनच कलमं लिहिलीत: ४४०.१४ आणि ११०.२६(ए). मागचे अपडेट वाचलेल्यांना आठवेल की वायरिंगचं परमिट घरमालक म्हणून माझ्या नावावर आहे. पॅड (युनिटखालचा ओटा), युनिट, लाईनसेट (आत-बाहेरच्या युनिटना जोडणाऱ्या तांब्याच्या नळ्या) आणि थंडाव्याचा गॅस हे सगळं कॉन्ट्रॅक्टरकडे. त्याच्या माणसांनी जुनं युनिट उचललं आणि नवं त्याच पॅडवर ठेवलं. जुनं २४ इंच रुंद होतं, डिसकनेक्टचा (युनिटची वीज तोडायच्या स्विचचा) डबा त्याच्या बाजूला मोकळ्या भिंतीवर होता. नवं ३५ इंचांचं आहे, त्यामुळे डबा आता युनिटच्या मागे गेलाय. भिंत आणि कॉइल यांच्यात मॅन्युअलप्रमाणे १२ इंच आहेत. हवेला ते पुरतात, वीज तोडायला डब्यातली खुंटी ओढणाऱ्या माणसाला नाही.

इन्स्पेक्टरशी माझा वाद नाही, उलट मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. मोठं युनिट जुन्या डब्यापुढे आणून ठेवणं हा प्रकार इथे टेक्ससमध्ये गल्लोगल्ली दिसतो. २०२३ पासून कार्यक्षमतेचे किमान निकष वाढले, कॉइल मोठ्या झाल्या आणि युनिटं फुगली. डबे मात्र वीस वर्षांपूर्वी होते तिथेच आहेत.

कलमांची उजळणी थोडक्यात करतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. ४४०.१४ म्हणतं की डिसकनेक्ट युनिटपासून ‘नजरेच्या टप्प्यात’ हवा, म्हणजे प्रत्यक्ष दिसला पाहिजे आणि ५० फुटांच्या आत असला पाहिजे. शिवाय तो सहज हाताशी हवा: शिडी लावून, काही हलवून, कशाखालून वाकून जावं लागेल असा नको. २०२३ च्या आवृत्तीत त्याच कलमात एक वाक्य वाढलं, की डिसकनेक्टपुढे ११०.२६(ए) प्रमाणे काम करायची जागा असली पाहिजे. त्याआधी यावर जोरदार वाद चालायचे. ‘फ्यूज नसलेल्या पुल-आउटमध्ये (ओढायच्या खुंटीच्या डब्यात) विजेवर असताना तपासण्यासारखं असतं काय?’ असं एक बाजू म्हणायची. पण यंत्र बंद पडलं की मेकॅनिक पहिल्यांदा मीटरच्या पिना तिथेच लावतो. अंगण ओलं असतं, हात घामेजलेले असतात आणि समोर २४० व्होल्ट. मला ते वाक्य हवंच होतं. टेक्ससने १ सप्टेंबर २०२३ पासून ही आवृत्ती लावली आणि माझ्या परमिटवरही तीच आहे, त्यामुळे पळवाट नाही.

जागेचं माप असं: डब्याच्या दर्शनी भागापासून पुढे ३ फूट, रुंदी ३० इंच किंवा डब्याएवढी, जे जास्त असेल ते, आणि उंची जमिनीपासून साडेसहा फूट.

आता माझी भिंत. घर आणि कुंपण यांच्यात ६० इंच. युनिटच्या उजवीकडे गॅसचा मीटर आहे. आमच्या गॅस कंपनीला रेग्युलेटरच्या व्हेंटपासून ३ फुटांत ठिणगी उडू शकेल असं काही चालत नाही, म्हणून ती बाजू बाद. डावीकडे युनिटच्या कडेपासून ३४ इंचांवर विटांच्या चिमणीचा पुढे आलेला भाग. त्या ३४ इंचांतही युनिटच्या कडेपासून ९ इंचांवर खिडकीची चौकट सुरू होते आणि खिडकीखाली बागेचा नळ. उरली ती ९ इंचांची उभी पट्टी.

ही पट्टी मी आधी बाजूलाच ठेवली होती, कारण ३० इंचांची रुंदी डब्याच्या दोन्ही बाजूंना १५-१५ अशी मोजायची म्हटलं तर उजवीकडचे १५ इंच सरळ युनिटमध्ये घुसतात. मग बाकीचे पर्याय एकेक करून तपासले.

पहिला, डबा युनिटवरच बसवणं. ४४०.१४ याला परवानगी देतं, फक्त उघडायच्या पॅनेलवर नको आणि नेमप्लेट झाकली जायला नको. पण या युनिटला चारही बाजूंनी कॉइल आहे. भरीव पत्रा फक्त कंट्रोलच्या कोपऱ्यात, आणि तेच उघडायचं पॅनेल. नेमप्लेटही तिथेच.

दुसरा, मागच्या भिंतीवर कोपऱ्याच्या पलीकडे. तिथे जागा ऐसपैस, पुढे मोकळं अंगण, अंतर जेमतेम ११ फूट. पण युनिटपाशी उभं राहिलं की कोपऱ्यामुळे डबा दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे नियमात बसत नाही.

तिसरा पर्याय मागच्या वेळी बऱ्याच जणांनी सुचवला होता: गॅरेजमधल्या ब्रेकरला कुलपाची पट्टी लावून मोकळं व्हायचं. पाणी तापवायच्या टाकीला आणि इतर काही उपकरणांना ते चालतं. एसीला चालत नाही. ४४०.१४ मधली कुलपाची सूट फक्त औद्योगिक यंत्रणेसाठी आहे, जिथे जाणकार माणसंच देखभाल करतात. घराला ती लागू नाही, आणि मला हे पटतं. माझ्या जुन्या युनिटमध्ये एकाच पोलचा कॉन्टॅक्टर (दोनपैकी एकच तार तोडणारा आतला स्विच) होता. थर्मोस्टॅट बंद, पंखा थांबलेला, यंत्र अगदी शांत, तरी एका तारेवर जमिनीच्या तुलनेत १२० व्होल्ट बसलेले. अशा यंत्रात हात घालणाऱ्याला खुंटी स्वतः ओढता आली पाहिजे आणि ती ओढलेली आहे हे काम करताना दिसत राहिलं पाहिजे. (नव्या इन्व्हर्टर युनिटमध्ये खुंटी काढल्यावरही आतले कपॅसिटर भरलेले राहतात. पॅनेलवरच्या सूचनेत लिहिली असतील तेवढी मिनिटं थांबायचंच.)

पुण्याहून वाचणाऱ्यांना हा सगळा खटाटोप परका वाटेल. तिकडे बहुतेक स्प्लिट एसीला वीज आतल्या युनिटपाशी मिळते आणि बाहेरच्या युनिटला आतूनच केबल जाते, त्यामुळे बंद करायची जागाही आतच. इथे वीज थेट बाहेर येते, म्हणून तोडायची सोयही बाहेर.

चौथा पर्याय म्हणजे युनिटच्या डाव्या कडेला जमिनीत दोन स्ट्रट (खाचेच्या धातूच्या पट्ट्या) रोवून त्यावर डबा, तोंड बोळाच्या लांबीकडे. याचा आराखडासुद्धा काढून झाला होता. तो काढताना ११०.२६ अक्षर न् अक्षर पुन्हा वाचत होतो आणि गाडी रुळावर आली. कलमात रुंदी ‘डब्याच्या पुढे’ ३० इंच हवी एवढंच आहे. डबा त्या रुंदीच्या मध्यभागी हवा असं कुठेही नाही. पूर्ण डबा त्या ३० इंचांच्या आत बसला की झालं, मग तो एका टोकाला का असेना.

म्हणजे ९ इंचांची पट्टी जिवंत झाली! ६ इंच रुंद डबा युनिटच्या कडेपासून दीड इंच सोडून बसवायचा आणि ३० इंच सगळे डावीकडे मोजायचे. चिमणी ३४ वर आहे, चार इंच उरतात. पुढच्या ३ फुटांची तर काळजीच नाही. त्याच मोकळ्या जागेत युनिटचं कंट्रोल पॅनेलही उघडतं, म्हणजे मेकॅनिक एकाच ठिकाणी उभा राहून दोन्हीकडे हात पोचवू शकेल. टेप लावून भिंतीवर खडूने चौकट आखली आणि तिच्यात उभा राहिलो, तेव्हा फार बरं वाटलं.

पण नळ राहिलाच होता. जागेची चौकट जमिनीपासून साडेसहा फूट उंच असते, म्हणजे खिडकीखालचा नळही तिच्यात येतो. नळ विटांपासून ४ इंच पुढे आहे आणि डबा ३ इंच खोल. चौकट डब्याच्या दर्शनी भागापासून सुरू होते, म्हणून नळ एक इंच आत घुसतो. डब्यापुढे सहा इंचांपर्यंत डोकावायची सूट आहे, पण ती विजेच्याच संबंधित सामानाला, नळाला नाही.

यावरचा उपाय इतका साधा निघाला की मी खूश आहे. चौथ्या पर्यायासाठी आणलेली स्ट्रट आडवी दोन तुकड्यांत विटांना ठोकायची आणि डबा त्यावर. स्ट्रटची खोली १ ५/८ इंच. डब्याचा दर्शनी भाग ४ ५/८ इंचांवर आला आणि नळ चौकटीच्या मागे पडला. वर एक फायदा: ओल्या जागी पत्र्याचा डबा भिंतीपासून पाव इंच सुटा हवा, तेही आपोआप साधलं. इन्स्पेक्टरना फोन करून मापं सांगितली, स्केच पाठवलं. ते म्हणाले, चालेल, फक्त त्या नळाला नळी गुंडाळून ठेवू नका. ती जागा सामान ठेवायला वापरायची नाही हा नियमच आहे. नळी आता पुढच्या नळाला.

केबलचा विचार असा होता: जुना डबा काढायचा, तिथे झाकणवाला जंक्शन बॉक्स बसवायचा आणि तिथून पीव्हीसी कंड्युइटने नव्या डब्यापर्यंत यायचं. हे लिहितानाच वेगळं सुचलं. गॅरेजमधलं पॅनेल डावीकडे आहे, म्हणजे नवी जागा पॅनेलच्या जवळ सरकलीय. मग जुनी १०/२ केबल (१० गेजच्या दोन तारांची) माळ्यावर ओढून घेतली तर तीच भिंतीतल्या नव्या पोकळीत उतरवता येईल, लांबी उलट उरेल आणि मधे एकही जोड नाही. कॉइलमागच्या १२ इंची बोळात वायरनट (तारा जोडायच्या टोप्या) असलेला बॉक्स ठेवायची कल्पना मला पहिल्यापासून खटकत होती. खिडकीच्या कडेचे स्टड (भिंतीतले उभे लाकडी वासे) एकाला एक जोडलेले असतात, म्हणून केबल त्यांच्या उजवीकडच्या पोकळीतून उतरवेन आणि विटांमधला भाग कंड्युइटमधून काढेन. छपराच्या उतरत्या कडेखालच्या कोपऱ्यात पोचणं हे कठीण काम आहे, ते पहाटे करायचं. जुलैत टेक्ससच्या माळ्यावर दुपारी जाऊ नये.

माळ्याच्या उष्णतेचा हिशोब पुन्हा तपासला, कारण कोणीतरी विचारणारच. १० गेजच्या तांब्याचा ९० अंशांच्या स्तंभातला आकडा ४० अँपिअर. भोवतालचं तापमान ६० अंश सेल्सियस धरलं तर गुणक ०.७१, म्हणजे २८.४. नेमप्लेटवर किमान अँपिअर २६.४ आहे, बसतं. कमाल संरक्षण ४० लिहिलंय, म्हणून ४० चा ब्रेकर. १० गेजवर ४० पाहून घाबरू नका. साध्या सर्किटला तिथे ३० ची मर्यादा असते, पण एसीच्या सर्किटला २४०.४(जी) मधून ४४० चे नियम लागू होतात.

डबा कोणता घ्यायचा यावर माझं मत पक्कं आहे: ६० अँपिअरचा, फ्यूज नसलेला, ओढायच्या खुंटीचा. नेमप्लेट ब्रेकरला परवानगी देत असेल तर बाहेर फ्यूज कशाला? ईटन, सीमेन्स, स्क्वेअर डी, तिघांचेही चांगले असतात. मी झाकणाचं बिजागर आणि कुलपाचं कान पाहून निवडतो. यावेळी कुलूप महत्त्वाचं, कारण २०२३ मध्ये ४४०.११ आलंय: झाकण उघडल्यावर विजेचे भाग उघडे पडत असतील आणि कोणाचाही हात पोचत असेल, तर झाकणाला कुलूप लावता आलं पाहिजे किंवा ते हत्याराशिवाय उघडता कामा नये. आमच्या बोळात शेजारची मुलं चेंडू शोधायला येतात. कुलूप लावणारच. खरेदी इलेक्ट्रिशियनच्या सप्लाय हाउसमधून करा. मोठ्या दुकानातल्या तयार व्हिपच्या (डब्यापासून युनिटपर्यंतच्या लवचिक नळी-तारांच्या) किटमधले कनेक्टर मला हाताला कच्चे लागले, म्हणून व्हिप सुट्या सामानातून बांधतोय. आणि टॉर्क स्क्रूड्रायव्हर घ्याच. मी क्लाइनचा वापरतो. स्क्रू किती आवळायचा हे डब्यावर छापलेलं असतं आणि ११०.१४(डी) ते पाळायला सांगतं.

मेकॅनिकला लागणाऱ्या सर्व्हिसच्या सॉकेटसाठी जीएफसीआय (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं) सॉकेट असलेला जोड डबा घ्यायचं मनात होतं. तो बेत रद्द. तो डबा ९ इंचांत बसत नाही, आणि मागच्या भिंतीवर २५ फुटांच्या आत सॉकेट आहेच. तेवढं पुरतं, फक्त ते सॉकेट डिसकनेक्टच्या पुढच्या, म्हणजे युनिटकडच्या, तारांवर नको.

युनिटला स्वतःला जीएफसीआय लावावा का, हा प्रश्न मात्र मला सोडत नाही. २०२० च्या कोडने घराबाहेरच्या जोडण्यांना तो आणला, आणि त्यामागे एका मुलाचा जीव गेलेला आहे. मग इन्व्हर्टर युनिटं विनाकारण ट्रिप होऊ लागली, आणि २०२३ मध्ये लिस्टेड (प्रमाणित) एसी यंत्रणेला १ सप्टेंबर २०२६ पर्यंत सूट मिळाली. क्लास ए जीएफसीआय ४ ते ६ मिलिअँपिअरवर तुटतो आणि इन्व्हर्टरच्या फिल्टरमधून थोडी गळती होतच असते. सूट आहे म्हणून इन्स्पेक्शनसाठी साधा ब्रेकर. पण पॅनेलमध्ये दोन पोलचा जीएफसीआय बसेल एवढी जागा आहे, आणि निर्मात्याचं तांत्रिक पत्रक आलं की त्यांचं युनिट कोणत्या ब्रेकरबरोबर तपासलंय ते पाहीन. तोवर अर्थिंगची तार युनिटच्या पत्र्यापासून पॅनेलपर्यंत सलग आहे का ते मोजून घेणार.

क्रम असा: पहाटे माळा, मग विटांना भोक, स्ट्रट, डबा, वरून आणि दोन्ही बाजूंनी सिलिकॉन, खालची कड उघडी. विटांमधून तिरकं भोक बाहेरच्या बाजूला उतरतं ठेवून पाडायचंय. त्यासाठी लांब बिट कोणतं चांगलं, हे ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. माझ्याकडचं १२ इंची आहे आणि पोकळी धरून ते जेमतेम पोचेल असं वाटतंय.