खाडीत मध्येच दम सोडणारं इंजिन : तीन रविवारांची नोंद

मार्व्याहून मनोरी खाडीत शिरलो की पहिली सहा-सात मिनिटं इंजिन झकास ओढायचं. मग एकदम आवाज बसायचा, ५२०० वर असलेला आरपीएमचा (मिनिटाला फेऱ्यांचा) काटा ३४०० वर यायचा आणि होडी पाण्यात जड होऊन बसायची. बंद मात्र पडायचं नाही. हळू चालवत राहिलं, दहा मिनिटं विसावा दिला, की पुन्हा ठणठणीत. नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात उतरवली तेव्हापासून हे दुखणं मागे लागलं होतं.

इंजिन २५ हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक, कार्बोरेटरवालं, वय तिशीच्या पुढे. होडी चौदा फुटी फायबरची. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१, म्हणजे ५ लिटरला १०० मिली. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, आधीच मोजून घेतलं होतं. दोन्ही सिलिंडर जवळजवळ सारखे निघाले, म्हणजे पिस्टन-रिंगांची चिंता नव्हती. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची धारही खालून जोरात येत होती, त्यामुळे इंपेलरवरचा, म्हणजे ते पाणी ओढणाऱ्या रबरी पंख्यावरचा, संशय सोडला.

जुनं टू-स्ट्रोक बाळगणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट कळकळीने सांगतो. ताकद गेली की थ्रॉटल आणखी पिळू नका. आपल्या इंजिनाला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. पेट्रोल कमी पोचत असेल तर ऑइलही कमी पोचतंय आणि वर मिश्रण पातळ होऊन (हवा जास्त, पेट्रोल कमी) पिस्टन तापतोय. फुल थ्रॉटलवर अशी दोन-चार मिनिटं काढली तर दोनशे रुपयांच्या दोषापायी अख्खं इंजिन जातं. आधी थ्रॉटल कमी करा, मग विचार करा.

पहिल्या रविवारी पेट्रोलच्या मागे लागलो. मेहुणा सुकाणावर, मी टाकीपाशी. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा होता. ताकद जाताक्षणी नळीतला प्रायमरचा, म्हणजे हाताने पेट्रोल पुढे ढकलायचा, रबरी फुगा दाबला, तर इंजिनाने दोन-तीन सेकंद उचल खाल्ली आणि पुन्हा बसलं. फुगा चपटा झालेला नव्हता. चपटा झाला असता तर टाकीकडून पेट्रोल येण्याची वाट अडली आहे असं धरलं असतं. चपटा नाही, पण दाबल्यावर थोडा फरक पडतोय, म्हणजे कुठूनतरी हवा शिरत असावी किंवा फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) थकला असावा.

फुगा आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली. बुडबुड्यांची माळच दिसली! टाकीकडच्या कनेक्टरमधली ओ-रिंग, म्हणजे सांधा बंद करणारी रबरी कडी, कडक होऊन चिरली होती. बाहेर थेंबही गळत नव्हता, म्हणून इतके दिवस लक्षात आलं नाही. इंजिन ओढत असतं तेव्हा त्या भागात पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ते जुन्या रबराला मानवत नाही. ओ-रिंगबरोबर फुगा आणि सगळी नळीही बदलली. पावसाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल होडीत वापरलंच नाही. इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढून घेतं.

दुसऱ्या रविवारी कव्हर काढून निघालो, म्हणजे नळीवर नजर ठेवता येईल. पंचवीस मिनिटं फुल थ्रॉटल, बुडबुडा नाही, आरपीएम हललं नाही. गोराईकडचा पॅगोडा दिसेपर्यंत गेलो, फार बरं वाटलं. परतताना कव्हर चढवलं, आणि आठव्या मिनिटाला काटा पुन्हा ३४०० वर. या वेळी फुगा दाबून काडीचाही फरक पडला नाही.

संध्याकाळी कोळीवाड्यातल्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. सगळं ऐकून घेऊन त्यांनी एवढंच विचारलं, "कव्हर काढलं तेव्हा चाललं ना?"

"हो काका, पंचवीस मिनिटं."

"मग गरम झाल्यावर करंट सोडतंय ते. कव्हर घालूनच शोध. उघडं ठेवशील तर ते कधी सापडायचं नाय."

म्हणजे तापल्यावर प्लगची ठिणगी जात होती. घरी पाण्याच्या पिंपात इंजिन चालवून हा दोष का दिसला नव्हता, तेही मग उमगलं. पिंपात त्याला ओढायला काही नसतं आणि तापायला वेळही मिळत नाही.

तिसऱ्या रविवारी अष्टमी होती, भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी. हे मुद्दाम. उधाणाच्या ओहोटीत इंजिन बसलं तर खाडीच्या तोंडाशी ओढले जातो. वल्ही आणि नांगर हाताशी ठेवलेच होते. कव्हर लावून फुल थ्रॉटल दिलं, ताकद गेली त्याच क्षणी किल स्विचची दोरी ओढली आणि दोन्ही प्लग काढले. वरचा कोरडा, तांबूस. खालचा पेट्रोलने ओलाचिंब. खालचं सिलिंडर पेटतच नव्हतं.

प्लगला ठिणगीसाठी करंट देणाऱ्या दोन वेगळ्या कॉइल माझ्या इंजिनात आहेत, प्रत्येक सिलिंडरला एक, म्हणून थंड होऊ देऊन दोन्हींची अदलाबदल केली. दोन्ही सिलिंडरांना मिळून एकच कॉइल असलेल्यांना ही सोय नाही. पुन्हा कव्हर, पुन्हा फुल थ्रॉटल. नवव्या मिनिटाला ताकद गेली, आणि या वेळी ओला प्लग वरचा! दोष कॉइलबरोबर जागा बदलून गेला होता. आनंदाने मेहुण्याच्या पाठीवर थाप मारली.

घरी मीटर लावला. थंड असताना दोन्ही कॉइलच्या सेकंडरीचा (प्लगकडच्या गुंडाळीचा) रोध साडेतीन किलोओहमच्या आसपास. संशयितावर केस वाळवायच्या ड्रायरने चार मिनिटं गरम हवा मारली, तर मीटरने सर्किट तुटल्याचं दाखवलं. थंड झाल्यावर आकडा परत जागेवर. दुसरी कॉइल तितकीच तापवूनही हलली नाही. आतली तार कुठेतरी तुटलेली असणार, गरम होऊन ताणली की टोकं दूर जात असणार. थंड कॉइल मोजून "बरोबर आहे" म्हणणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावं.

स्पार्क बघताना प्लगची वायर मोकळी सोडून इंजिन फिरवू नका, टेस्टर ब्लॉकला अर्थ करूनच बघा. मोकळ्या वायरने सीडीआय युनिट, म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा, जळू शकतं, आणि आसपास पेट्रोलची वाफ असते.

दोन्ही कॉइल नव्या मागवल्या आहेत, प्लग कॅपही. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम उघडून उजेडात धरला, भोक नाही, पण कडक झालाय, तोही बदलतोय. पुढच्या भांगाला कव्हर लावून अर्धा तास फुल थ्रॉटल चालवीन आणि दोन्ही प्लगचे फोटो इथे टाकीन.