मागे कोणतं संगीत लावू?

अपंगत्वावर किंवा वेगळेपणावर व्हिडिओ करणारे बहुतेक जण हेच विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: लावलेलं संगीत आधी काढा आणि व्हिडिओ एकदा नुसता ऐका.

एक बाई व्हीलचेअरवरून येते, कुलूप काढते, घरात जाते. रोजचं काम. त्याच दृश्यामागे संथ पियानो आणि चढत जाणारं व्हायोलिन लावलं की कुलूप काढणं हा पराक्रम ठरतो. स्टेला यंग या ऑस्ट्रेलियन पत्रकार आणि विनोदी कलाकार, स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या. इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून अपंग माणसाला वस्तूसारखं वापरण्यावर त्यांनी २०१४ साली सिडनीतल्या भाषणात नेमकं बोट ठेवलं होतं. तो वापर अर्धाअधिक संगीतच करतं, असं माझं मत.

संगीत हवंच असेल तर गाण्याचे शब्द नकोत, नुसती वाद्यं घ्या. आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डेसिबल खाली, म्हणजे एडिटिंग ॲपच्या आवाजाच्या मीटरवर बोलणं उणे १२ वर असेल तर संगीत उणे ३२ च्या आसपास. तुमच्या हेडफोनला हे फारच हळू वाटेल. श्रवणयंत्र लावणाऱ्याला तेवढंच हवं असतं. व्यंजनं ओळखू येतात ती मुख्यतः १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, आणि व्हायोलिन-बासरीचा बराच आवाज तिथेच घुसतो. इक्वलायझरवर (आवाजाचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करण्याची सोय) संगीताचा तेवढा पट्टा ३-४ डेसिबलने उतरवा. बोलणाऱ्याचे उच्चार सेरेब्रल पाल्सीमुळे (मेंदूतल्या दोषाने स्नायूंवर ताबा कमी असणं) अस्पष्ट असतील तर त्याच्या बोलण्याखाली काहीच नको. त्याच्या मधल्या थांबण्यांना कात्री लावू नका आणि वर दुसऱ्याचा आवाज तर मुळीच चढवू नका.

कॅप्शनमध्ये, म्हणजे व्हिडिओवर उमटणाऱ्या ओळींत, नुसतं ‘संगीत’ लिहिणं म्हणजे न लिहिण्यासारखंच. ‘फक्त तबला, लय वाढते’ असं लिहा. तबला थांबला की तेही लिहा. एका वेळी दोनच ओळी. आपोआप येणारी मराठी कॅप्शन तशीच सोडू नका, नावं आणि जोडाक्षरं हटकून चुकतात. कॅप्शनची एसआरटी फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील. त्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीच्या वेळेत सेकंदानंतर स्वल्पविराम असतो: ००:००:०५,२०० (फाइलमध्ये आकडे इंग्रजी). तिथे टिंब पडलं की काही प्लेअर ती ओळ गाळतात.

आणि ठेक्यावर लखलखणारा प्रकाश. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट झाले तर प्रकाशसंवेदी अपस्मार असलेल्यांना फिटचा झटका येऊ शकतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात प्रत्येक ठोक्याला एक म्हणजे सेकंदाला दोन, चालेल. अर्ध्या ठोक्यालाही टाकलात की चार झाले. भडक लाल तर सर्वांत वाईट. सुरुवातीला इशारा दिला म्हणून हे चालत नाही. फीडमध्ये व्हिडिओ आपोआप सुरू होतो, इशारा वाचायला कुणाला सवड मिळतेच असं नाही.