यूटू, ‘पॉप’ आणि माझा स्नेअर: सरावाची पाचवी नोंद

मागच्या नोंदीत मी ठरवले होते की यूटू या आयरिश रॉक बँडच्या ‘पॉप’ अल्बममधल्या ‘मोफो’ या गाण्याचा ठेका आधी लूपवर, म्हणजे यंत्रातून पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या ठेक्याच्या तुकड्यावर, बसवायचा, त्यावर स्वतः ड्रम वाजवायचे आणि दोन्ही एकजीव झाल्याशिवाय पुढच्या गाण्याला हात लावायचा नाही. त्याला एक महिना लागेल असा माझा अंदाज होता. प्रत्यक्षात सहा आठवडे गेले आणि त्यांतले पहिले चार जवळजवळ एकाच अडचणीत खर्ची पडले. ती अडचण इथे सविस्तर लिहितो, कारण ‘मुरलेल्या रॉक बँडने इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताकडे वळावे की नाही’ या आपल्यातल्या जुन्या वादाचे उत्तर मला तिच्यातच सापडले आहे.

लूप अगदी समान अंतराने चालतो, माझा हात तसा चालत नाही. रेकॉर्डिंग संगणकावर मोठे करून पाहिले तेव्हा दिसले की माझा स्नेअर (ड्रमसंचातला खणखणीत वाजणारा छोटा ड्रम) लूपच्या स्नेअरमागे सातत्याने १५ ते २० मिलिसेकंद पडतो आहे. एवढ्या अंतराने दोन वेगळे आघात ऐकू येत नाहीत, पण आघाताची धार जाते आणि ठेका जड वाटू लागतो. पहिल्यांदा मी सगळे आघात सॉफ्टवेअरमध्ये ओढून नेमक्या जागी बसवले. चूक नाहीशी झाली, पण त्याबरोबर वाजवणारा माणूसही नाहीसा झाला आणि उरलेला आवाज निव्वळ यंत्राचा होता. मग उलट केले. माझे वादन जसेच्या तसे ठेवून लूपमधला स्नेअर काढून टाकला, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि हाय-हॅट या झांजांच्या जोडीची बारीक सळसळ तेवढी ठेवली, आणि हेडफोनमधला लूपचा आवाज निम्म्याने कमी केला. त्या रात्री ठेका पहिल्यांदा चालू लागला. ड्रमर लूपच्या मागे फरफटत नव्हता, लूप ड्रमरच्या हाताखाली साथीला आला होता. तबल्याच्या संगतीत ज्यांनी लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन धरून ठेवणारी धून, ऐकला आहे त्यांना हे नाते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

हे हाताला कळल्यानंतर ‘पॉप’ या अल्बमची जन्मकथा मला नव्याने कळली. १९९५च्या अखेरीस त्याचे काम सुरू झाले तेव्हा ड्रमर लॅरी मुलन ज्युनिअर पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे बाजूला होता. उरलेल्या तिघांनी फ्लड, हॉवी बी आणि स्टीव्ह ऑस्बोर्न या निर्मात्यांच्या साथीने लूप व सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डिंगमधून उचललेले आवाजाचे तुकडे) यांच्या आधारावर गाणी रचायला घेतली आणि मुलन १९९६च्या सुरुवातीला परतला. ज्या बँडची सुरुवातच १९७६ साली डब्लिनच्या शाळेत मुलनने लावलेल्या चिठ्ठीपासून झाली, ज्याच्या गाण्यांचा कणा त्याचा संचलनी थाटाचा स्नेअर आहे, त्या बँडच्या नृत्यसंगीताचा पाया त्याच्या गैरहजेरीत घातला गेला. त्या अल्बममधली काही गाणी आजही मला दुभंगलेली वाटतात. त्याचे मूळ इथे आहे, असे मी आता खात्रीने म्हणेन.

याच्या उलट उदाहरण त्यांच्याच खात्यात आहे. ऑक्टोबर १९९०मध्ये, जर्मनीचे एकीकरण होत असतानाच, हे चौघे बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत पोहोचले. गायक बोनो आणि गिटारवादक एज यांना युरोपातले औद्योगिक व नृत्याचे नवे आवाज हवे होते. मुलन आणि बासवादक ॲडम क्लेटन यांना ते पटत नव्हते आणि ड्रम मशीनमुळे आपले काम काय उरणार, ही मुलनची शंका रास्त होती. भांडण बँड फुटण्यापर्यंत गेले, पण ते चौघेही एका खोलीत असताना झाले. त्या ओढाताणीतून नोव्हेंबर १९९१मध्ये ‘आख्तुंग बेबी’ बाहेर आला. ‘मिस्टीरियस वेज’मध्ये नृत्याचा ठेका आहे आणि ड्रमरचा हातही आहे, आणि कोणता कुठे संपतो हे शोधत बसावेसे वाटत नाही. पुढच्या वर्षी ‘ईव्हन बेटर दॅन द रिअल थिंग’ ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत १२व्या क्रमांकापर्यंत गेले, तर नृत्यसंगीताचे डीजे पॉल ओकनफोल्ड यांच्या चमूने केलेले त्याचे रीमिक्स ८व्या क्रमांकापर्यंत. नाचणाऱ्या श्रोत्यांनी या बँडला परके मानले नव्हते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला लागत नाही.

मुलनला यंत्रांचा तिटकारा होता, असे आपल्यातले काही जण अजूनही म्हणतात, ते मला मान्य नाही. ‘पॉप’च्या आधी तो आणि क्लेटन न्यूयॉर्कमध्ये राहून संगीताचे नवे धडे घेत होते, आणि १९९६मध्ये त्या दोघांनीच ‘मिशन: इम्पॉसिबल’ची मूळ धून नृत्याच्या ठेक्यावर बसवली. ती अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही ठिकाणी पहिल्या दहांत पोहोचली. हे काम त्याने स्वतः उभे केले होते आणि त्याच्या कानाने तपासले होते, म्हणून ते सरळ चालते.

‘रॉक बँडने गिटार सोडली की मनही सोडले’ हा दुसरा आक्षेप तर ‘मोफो’ ऐकल्यावर टिकूच शकत नाही. हे त्यांचे सर्वांत कडक टेक्नो वळणाचे गाणे, आणि त्यात बोनो बोलतो ते १४व्या वर्षी गमावलेल्या आईशी. सहा आठवडे रोज वाजवूनही त्या ओळींपाशी माझा हात हलका होतो. हे दुःख संथ चालीत मांडले असते तर मला ते इतके खोल लागले नसते. मागे न थांबणारा ठेका असल्यामुळेच त्या हाकेला उत्तर मिळत नाही हे जाणवते.

ड्रमरच्या गैरहजेरीखेरीज ‘पॉप’ची दुसरी कमतरता वेळेची होती. दौरा आधीच ठरलेला असल्यामुळे अल्बम घाईने पुरा करावा लागला. ३ मार्च १९९७ला तो आला आणि २५ एप्रिलला लास व्हेगासमध्ये पॉपमार्ट दौरा सुरू झाला. पुढे काही गाणी एकेरी (सिंगल) प्रकाशनासाठी बदलली गेली आणि २००२च्या निवडक गाण्यांच्या संग्रहात ‘डिस्कोटेक’, ‘गॉन’ आणि ‘स्टेअरिंग ॲट द सन’ नव्या मिश्रणात आली. ड्रमर आणि लूप यांना एकमेकांची सवय व्हायला मला एका गाण्यासाठी सहा आठवडे लागले. मी हौशी आहे आणि ते कसलेले आहेत हे खरे, पण ही सवय त्यांनाही घाईने लागत नाही.

म्हणून मुरलेल्या बँडने नृत्यसंगीताकडे जरूर जावे असे माझे मत आहे. फक्त पहिला लूप निवडला जात असताना ड्रमर खोलीत असला पाहिजे आणि दौऱ्याची तिकिटे नंतर विकली पाहिजेत. १५ डिसेंबर २०१९ला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर मी या चौघांना त्यांचा ‘द जोशुआ ट्री’ हा अल्बम सलग वाजवताना ऐकले. तो आनंद आयुष्यभर पुरेल असा आहे, तरी परतताना ‘पॉप’मधले काहीतरी ऐकायला मिळायला हवे होते, ही रुखरुख मनात राहिली होती. हा सराव तिथूनच सुरू झाला.

पुढचे गाणे ‘प्लीज’. अल्बममधली आवृत्ती आणि नंतरची एकेरी आवृत्ती शेजारी ठेवून दोन्हींचे ड्रम लिहून काढतो आहे. दौऱ्यात मुलन या गाण्याच्या शेवटी ‘संडे ब्लडी संडे’ या त्यांच्याच जुन्या गाण्याचा संचलनी ठेका धरत असे, आणि तो मला लूप पूर्ण बंद करून वाजवायचा आहे. आजच्या तालमीत स्नेअरचे रोल अजून डाव्या हाताकडून असमान पडत होते, म्हणून पुढचा आठवडा फक्त सरावाच्या रबरी पॅडवर, संथ लयीत.