‘तासिका शून्य’ हा शेरा आणि माझी प्राध्यापकपदाची फाईल

‘सदर कालावधीत अध्यापन तासिका शून्य, सबब असमाधानकारक.’ माझ्या कॅसच्या (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे शिक्षकांच्या पदोन्नतीची योजना) फाईलवर हा शेरा पडला आणि सहयोगी प्राध्यापक ते प्राध्यापक ही स्थाननिश्चिती तिथेच थांबली. आता आदेश हातात आहे, पगाराचा फरकही जमा झालाय, पण तो शेरा आठवला की अजून डोकं तापतं. विद्यापीठात प्रशासकीय पदावर जाऊन आलेल्या किंवा जायचा विचार करणाऱ्या शिक्षकांना उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवते.

मी अनुदानित अध्यापक महाविद्यालयात शिक्षणशास्त्र शिकवते. बी.एड.ला मूल्यमापनाचा पेपर वर्षानुवर्षं शिकवला, म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकपदाची जाहिरात आली तेव्हा अर्ज केला आणि निवडही झाली. वर्गात जे सांगतो ते प्रत्यक्ष करून दाखवायची एवढी मोठी जागा दुसरी नाही, असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 प्रमाणे परीक्षा संपल्यापासून 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल लावायचा असतो. कॅप सेंटरला, म्हणजे उत्तरपत्रिका तपासणीच्या केंद्रावर, परीक्षक येत नाहीत, परीक्षक आले तर त्यांची तपासणी पडताळणारा मॉडरेटर नसतो, एखाद्या कॉलेजचे अंतर्गत गुण शेवटपर्यंत येत नाहीत आणि पोरांचे निकाल राखीव राहतात. हे सगळं रात्री उशिरापर्यंत बसून निस्तरलं. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडून आधी संविधान तक्ता (कोणत्या घटकाला किती गुण, याचा आराखडा) भरून घ्यायची सवय लावली, त्याचा मला अभिमान आहे.

मुदत संपली, मूळ महाविद्यालयात रुजू झाले आणि लेव्हल 14 साठी, म्हणजे प्राध्यापकाच्या वेतनस्तरासाठी, अर्ज भरला. पीएच.डी. होतीच, सहयोगी प्राध्यापक म्हणून तीन वर्षंही केव्हाच पूर्ण झालेली. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) 2018 च्या नियमावलीप्रमाणे दहा शोधनिबंध लागतात, त्यातले तीन मूल्यांकनाच्या कालावधीतले, आणि संशोधन गुणांक किमान 110. शिक्षणशास्त्राला एका निबंधाचे दहा गुण मिळतात. दोघांनी मिळून लिहिला असेल तर प्रत्येकाला सत्तर टक्के. हे गुण सहापैकी किमान तीन प्रकारांतून यावे लागतात, नुसत्या निबंधांवर भागत नाही. आयक्यूएसीने (महाविद्यालयाचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) फॉर्म तपासला, सह्या झाल्या, प्रस्ताव गेला. इथवर काहीच अडचण आली नाही.

अडलं ते छाननीच्या टेबलावर. माझी पात्रतेची तीन वर्षं मोजली तर पहिलं वर्ष महाविद्यालयातलं आणि पुढची दोन विद्यापीठातली. पहिल्या वर्षी नेमून दिलेल्या तासिकांपैकी 80 टक्क्यांहून जास्त घेतलेल्या, म्हणजे नियमाप्रमाणे ‘चांगले’. पुढच्या दोन वर्षांच्या रकान्यात तासिका नव्हत्या, कारण मी वर्गावर नव्हतेच. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी फाईल माझ्याकडे वळवली आणि रकान्यावर पेन टेकवून म्हणाले, “मॅडम, शून्य तासिकांचे टक्के मी कसे काढू? सत्तरच्या खाली गेलं की असमाधानकारक लिहावं लागतं.”

मी त्यांना त्याच नियमावलीच्या परिशिष्ट दोनमधल्या पहिल्या तक्त्याखालची टीप दाखवली. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा, वैद्यकीय रजा, प्रतिनियुक्ती असा काळ श्रेणी ठरवताना वगळायचा, उरलेल्या काळाचं मूल्यांकन करायचं आणि तीच श्रेणी पूर्ण कालावधीला लावायची, असं तिथे स्वच्छ लिहिलंय. शिक्षकाचं यामुळे नुकसान होता कामा नये, हेही आहे. भाऊसाहेबांनी टीप वाचली, मान हलवली आणि म्हणाले, “साहेबांना विचारून सांगतो.” साहेब बैठकीत. पुढच्या वेळी साहेब दौऱ्यावर. नंतर त्या टेबलावर नवीन माणूस आला आणि मला पहिल्यापासून सगळं सांगावं लागलं. तोंडी कितीही सांगा, फाईलवर शेरा तोच. माझ्याबरोबरच्या लोकांचे आदेश निघत होते. ज्या विद्यापीठासाठी मी दिवाळीच्या सुट्टीतही निकालाच्या कामाला बसले, तिथलीच वर्षं माझ्या नावावर शून्य म्हणून धरली जात होती. हे मला फार लागलं.

शेवटी माहिती अधिकारात माझ्याच फाईलवरच्या टिपणीची प्रत मागितली. 2005 च्या कायद्याने 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि ते आलं. हे मी सगळ्यांना आवर्जून सांगते: तोंडी काय सांगतात त्यावर विसंबू नका, टिपणी वाचा. खरा आक्षेप तिथे सापडला, आणि तो मला कोणीच सांगितला नव्हता. त्या टीपेला एक अट आहे: प्रतिनियुक्ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने झालेली असली पाहिजे. माझ्या सेवापुस्तकात संस्थेच्या ठरावाची नोंद होती, पण त्या ठरावाची तारीख मी विद्यापीठात रुजू झाल्यानंतरची. संस्थेची सभाच उशिरा झालेली. म्हणून आत लिहिलेलं, ‘मान्यता कार्योत्तर, पूर्वपरवानगी दिसून येत नाही.’

पूर्वपरवानगी होती. संचालकपदाचा अर्ज मी संस्थेमार्फतच पाठवला होता आणि त्यासोबत अध्यक्षांच्या सहीचं ना हरकत प्रमाणपत्र जोडलेलं. महाविद्यालयातली त्याची स्थळप्रत मिळेना. मग विद्यापीठाच्या आस्थापना विभागात माझ्या नियुक्तीची नस्ती काढायला लावली. तिथे माझ्या अर्जाला टाचलेलं ते प्रमाणपत्र सापडलं, जावक क्रमांकासकट, रुजू होण्याच्या कितीतरी आधीच्या तारखेचं. त्याची साक्षांकित प्रत घेतली तेव्हा खरंच हायसं वाटलं.

त्यानंतर मी कोणाशी वाद घातला नाही. एका पानाचं निवेदन केलं. वर टीपेचा उतारा, खाली तारखांचा क्रम: ना हरकत, नियुक्तीपत्र, कार्यमुक्ती, रुजू, ठराव. शेवटी पहिल्या वर्षाच्या तासिकांची टक्केवारी आणि ती तीन वर्षांना लावून आलेली श्रेणी. प्राचार्यांच्या पत्रासोबत आवक विभागात दिलं, आवक क्रमांक घेतला आणि अधिकाऱ्यांची वेळ मागितली. त्यांनी निवेदन वाचायला काही मिनिटंच घेतली आणि ‘त्रुटी पूर्तता झाली, प्रस्ताव पुढे पाठवावा’ असं लिहिलं. हेच वाचन पहिल्या दिवशी झालं असतं तर माझे इतके महिने गेले नसते. निवड समिती, वेतननिश्चिती हे पुढे सुरळीत झालं.

म्हणून प्रशासकीय पदावर जाणार असाल तर रुजू होण्याआधी संस्थेचं परवानगीपत्र हातात घ्या आणि सेवापुस्तकात त्याची तारखेसह नोंद करून घ्या. सभा पुढे कधी होईल त्यावर राहू नका. कार्यमुक्तीच्या आदेशात नुसतं ‘कार्यमुक्त’ नको, ‘प्रतिनियुक्तीवर’ असं स्पष्ट हवं. जाण्याआधीच्या वर्षाचं वेळापत्रक आणि तासिकांची नोंदवही, प्राचार्यांच्या सहीनिशी, स्वतःकडे ठेवा. तुमची श्रेणी त्याच वर्षावर ठरणार आहे. आणि तिकडे असतानाही दरवर्षीचा पीबीएएस फॉर्म (आपल्या कामाच्या मूल्यांकनाचा) भरून मूळ महाविद्यालयाच्या आयक्यूएसीकडे द्या.

प्रशासनात गेलात की लिहिणं मागे पडतं, ते पडू देऊ नका. ती तीन शोधनिबंधांची अट कामाच्या रगाड्यात सहज हुकते. मी परीक्षांच्या कामातूनच विषय काढले, प्रश्नपत्रिकांच्या संविधान तक्त्यांवर लिहिलं, म्हणून निभावलं. ज्यांचा लेव्हल 12 वगैरेचा टप्पा बाकी आहे त्यांनी रिफ्रेशर कोर्स (शिक्षकांचं उजळणी प्रशिक्षण) मूल्यांकनाच्या कालावधीतच संपेल असा निवडा.

एक राहिलंच. यूजीसीची मान्य नियतकालिकांची यादी चालू होती तेव्हा निबंध छापून आला की त्याच आठवड्यात ते नियतकालिक यादीत असल्याचं पान मी तारखेसह छापून ठेवत होते. 2018 च्या मे महिन्यात यूजीसीने एकदम 4305 नियतकालिकं यादीतून काढली होती, आणि पुढे तिच्या जागी आलेली केअर यादीसुद्धा बंद झाली. माझ्या एका निबंधाबद्दल छाननीत विचारलंच, तेव्हा ते छापलेलं पान पुढे केलं आणि प्रश्न तिथेच मिटला.