घड्याळाची चावी

मंगळवार, रात्री

झोपण्यापूर्वी घड्याळाने आजही आठवण करून दिली, की चार्ज तीस टक्क्यांच्या खाली आला आहे आणि रात्रभर झोपेची नोंद हवी असेल तर आताच चार्जिंगला लावावे. ही कटकट मुळात बॅटरीची नाही, वेळापत्रकाची आहे. ॲपलने हे घड्याळ २०१५ मध्ये विक्रीला आणले तेव्हा ते १८ तास चालेल असे सांगितले होते, आणि पुढे कित्येक वर्षे तोच आकडा कायम राहिला. सकाळी सहाला मनगटावर बांधावे, मध्यरात्री उतरवून ठेवावे, असा त्यामागचा सरळ हिशेब. मात्र २०२० मध्ये वॉचओएस ७ या घड्याळाच्या नव्या कार्यप्रणालीबरोबर झोपेची नोंदही त्याच घड्याळाकडे आली आणि चार्जिंगची हक्काची रात्र हातची गेली.

वडिलांच्या एचएमटी घड्याळालाही रोज चावी द्यावीच लागे, पण त्याला अर्धे मिनिट पुरे होई. तेव्हा रोजच्या देखभालीबद्दल माझी तक्रार नाही. तासभर मनगट रिकामे राहते, ते खटकते.

आता मी आंघोळ, पूजा आणि चहा एवढ्या अवधीत घड्याळ चार्जिंगला लावतो. सिरीज ७ ते ९ या घड्याळांत योग्य केबल आणि अडॅप्टर असल्यास सुमारे ४५ मिनिटांत ८० टक्के चार्ज होतो, त्यामुळे एरवीच्या दिवशी तेवढे भागते. तळजाईच्या टेकडीवर फिरताना फोन घरी ठेवला, तर जीपीएस आणि मोबाइल नेटवर्क मिळून बॅटरी भराभर संपवतात आणि संध्याकाळी कुकर होईपर्यंत पुन्हा लावावे लागते. पडदा सतत उजळ ठेवण्याची सोय मी बंद केली. (तोटा एवढाच, की बैठकीत वेळ पाहायची तर हात उचलावा लागतो आणि ते सगळ्यांना दिसते.)

असे दिवसातून दोनदा चार्ज केल्याने बॅटरी लवकर मरते, ती पूर्ण उतरू द्यावी, असे कार्यालयातील एका ज्येष्ठांनी आज बजावले. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. लिथियम-आयन बॅटरीत दोनदा पन्नास-पन्नास टक्के वापर झाला तरी मिळून एकच आवर्तन, म्हणजे शंभर टक्के वापराची एक फेरी, धरले जाते, आणि अशी १००० आवर्तने झाल्यावरही मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांपर्यंत क्षमता टिकावी, अशी रचना असल्याचे कंपनी सांगते. शून्यापर्यंत उतरवण्यापेक्षा उष्णता टाळणे अधिक महत्त्वाचे, म्हणून चार्जर खिडकीतल्या उन्हातून उचलून कपाटाजवळ नेला.

शनिवारी दोन दिवसांसाठी कोकणात जायचे आहे. बॅटरी वाचवणाऱ्या लो पॉवर मोडमध्ये ३६ तास निघतात, मात्र त्यात हृदयाच्या ठोक्यांची सततची नोंद थांबते. ती नोंद नसली तरी चालेल. चार्जर घरीच ठेवणार आहे.